इंदुरात राहून स्की रेसिंगची तयारी कशी करायची (बर्फाचे दिवस मोजून ज्यांना मिळतात त्यांच्यासाठी)

मागच्या दिवाळीत बहिणीचा पोरगा, नववीतला, पोह्यांवर जिरावण टाकता टाकता म्हणाला मामा मला स्की रेसर व्हायचंय. भाऊजींनी पेपर खाली केला, ताई माझ्याकडे बघायला लागली, कारण हे खूळ घरात आधी मीच आणलेलं. तेव्हापासून त्याला तुकड्या तुकड्यात सांगून राहिलो होतो, आता म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, इंदुरात (आणि भोपाळ-ग्वाल्हेर-बडोद्यातही) अजून कोणाच्या घरी असं पोरगं किंवा पोरगी निघाली तर कामी येईल.

मी कोणी मोठा रेसर नाही हे आधीच सांगतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी सुरू केलं, नऊ हिवाळे केले, छोट्यामोठ्या रेस पळालो, गुडघा दुखावला आणि थांबलो. माझ्याकडे एक वही आहे, त्यात बर्फावरचा प्रत्येक दिवस लिहिलेला आहे, एकूण १४३. नऊ वर्षांत १४३. गुलमर्गच्या पोराचे एवढे दिवस दोन हिवाळ्यांत होतात आणि तो पाचव्या वर्षापासून उतारावर असतो. म्हणून लोक जे विचारतात ना की अरे इंदुरात बर्फ कुठे, तो प्रश्न बरोबर आहे पण माझे जे दिवस गेले ते इंदुरात बर्फ नाही म्हणून नाही गेले. वहीत बघितलं तर कमीत कमी तीसएक दिवस असे आहेत की मी बर्फावर असूनही बूट चावतोय, मांड्या दोन दिवसांत संपल्या, स्कीच्या एजला (पोलादी कडेला) गंज चढलेला आहे, डोकं दुखतंय, असलं काहीतरी करत बसलोय. ही सगळी कामं घरी होऊ शकत होती. म्हणून माझा एकच नियम आहे, जे इंदुरात होऊ शकतं ते बर्फावर करायचं नाही. खालचं सगळं त्याच नियमातून आलंय.

आधी थोडं काय खेळ आहे ते. अल्पाइन रेसिंगमधे चार मुख्य प्रकार, स्लॅलम, जायंट स्लॅलम म्हणजे जीएस, सुपर-जी आणि डाउनहिल. आपल्यासारख्यांनी पहिल्या दोनाचाच विचार करायचा. स्लॅलममधे गेट (उतारावर रोवलेले पोल, ज्यांना वळसा घालत उतरायचं) जवळजवळ असतात, वळणं पटापट, स्की छोटी (पुरुषांची १६५ सेंमी, बायकांची १५५). जीएसमधे वळण लांब, वेग जास्त, स्की लांब, पुरुषांची १९३ आणि बायकांची १८८, आणि दोन्हीचा रेडियस (स्कीच्या कडेच्या वक्राची त्रिज्या) ३० मीटर, म्हणजे ती स्की स्वतःहून वळत नाही, तिला वळवायला पायात खरंच दम लागतो. दोन्ही प्रकारात दोन रन, दोन्हींचा टाइम मिळवून निकाल, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात.

भारतातून विंटर ऑलिम्पिकला पहिला गेला तो जेरेमी बुजाकोव्स्की, १९६४ ला इन्सब्रुकला, तोही अल्पाइन स्कीयरच. २००६ ला तुरिनमधे नेहा आहुजा. २०१८ च्या जानेवारीत मनालीजवळच्या बुरुआ गावच्या आंचल ठाकूरनं तुर्कस्तानात स्लॅलममधे ब्राँझ आणलं तेव्हा मी ऑफिसात सगळ्यांना पेढे वाटले होते, कोणाला कळलंच नाही कशाचे. आणि २०२२ च्या बीजिंगला आख्ख्या भारतातून एकटा आरिफ खान. त्याची जीएसची रेस मी भाच्याला तीनदा दाखवली. त्या दिवशी इतका बर्फ पडत होता की पुढचं गेट दिसत नव्हतं, जवळजवळ निम्मे रेसर खालीपर्यंत पोचलेच नाहीत, आरिफ पोचला, २ मिनिटं ४७.२४ सेकंद, ४५ वा. जिंकला तो ओडरमॅट २:०९.३५ ला. भाचा म्हणाला मामा अडतीस सेकंद मागे. म्हटलं हो, आणि त्या अडतीस सेकंदात आपल्या देशातला सगळ्यात चांगला रेसर आहे हे आधी नीट समजून घे, मग बूट घेऊ.

तर बूट. स्की नाही, बूट. सगळे आधी स्कीचे फोटो बघतात कारण ती चमकते. स्की उधार मिळते, भाड्यानं मिळते, कोणी वापरलेली देतं. पण पायातून जे काही स्कीला सांगायचं ते बुटातून जातं आणि बूट ढिला असेल तर तुम्ही सांगता एक आणि स्कीला कळतं अर्ध्या सेकंदानं दुसरंच. मी पहिले दोन सीझन भाड्याचे बूट घातले, एक नंबर मोठे, कारण त्या दुकानदारानं "आराम रहेगा" म्हणून दिले. आराम कसला, टाच वर उचलली जायची, पाय आत घसरून अंगठ्याची दोन्ही नखं काळी पडून गळाली, आणि ढिला वाटतो म्हणून मी बकल इतके आवळायचो की पाय बधिर. मोठ्या बुटानंच नखं जातात, हे कोणी सांगितलं नव्हतं.

मापायची पद्धत अशी आहे. बुटाचा आतला मऊ भाग, लायनर, बाहेर काढा. नुसत्या प्लास्टिकच्या शेलमधे उघडा पाय घाला, बोटं पुढे हलकी टेकवा, गुडघा वाकवा, आणि टाचेच्या मागे किती जागा राहते ते बघा. दोन बोटं बसली तर टूरिस्टचा बूट. रेसिंगसाठी एक बोट, म्हणजे सेंटीमीटरभर किंवा त्याहून कमी. साइझ मोंडो नावाच्या मापात असते, ते पायाची लांबीच असते सेंटीमीटरमधे, २६.५ वगैरे, कागदावर उभं राहून पेन्सिलनं मापा. मोजा एकच आणि पातळ, दोन मोजे घालायचे नाहीत कितीही थंडी वाजली तरी. फ्लेक्स म्हणून नंबर असतो, बूट किती कडक ते, नववी-दहावीच्या पोराला ८० ते १०० भरपूर, १३०-१४० वाला कोणी स्वस्तात देतोय म्हणून घेऊ नका, त्यात पोराचा घोटा वाकणारच नाही आणि तो मागे बसून स्की करायला शिकेल, ती सवय मग जन्मभर जात नाही.

आणि आता खास आपल्याकडची गोष्ट. प्लास्टिक थंडीत कडक होतं. इंदुरात मे महिन्यात बेडरूममधे उभं राहून जो बूट मस्त वाकतो तोच उणे दहात दगड होतो. म्हणून उन्हाळ्यात ट्राय करून "थोडा मऊ वाटतोय" म्हणून पुढचा कडक घेऊ नका. मात्र बूट घरी घालायचाच. डिसेंबरात रोज अर्धा तास, टीव्ही बघताना, बकल लावून, नडगी बुटाच्या जिभेला टेकवून. कुठे टोचतंय ते खडूनं बाहेरून खूण करून ठेवा, म्हणजे बूट फिटर कडे गेल्यावर तो तेवढाच भाग गरम करून फुगवून देतो. आमच्या शेजारच्या काकूंनी भाच्याला बूट घालून गॅलरीत ठक ठक चालताना बघितलं आणि संध्याकाळी ताईला विचारायला आल्या की प्लास्टर कधी निघणार.

बाइंडिंगच्या (बूट स्कीला अडकवणाऱ्या भागाच्या) स्क्रूला मात्र स्वतः हात लावायचा नाही. त्यावरचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि तुम्ही कसे स्की करता यावर ठरतो, कोष्टक असतं त्याचं. रेसर मित्राचा आकडा बघून आपला वाढवायचा ही पोरांची आवडती हौस आहे, पडल्यावर स्की सुटली नाही की गुडघाच सुटतो.

पायांचं आता. जीएसचा एक रन मिनिटभर ते दीड मिनिट, तेवढा वेळ अर्ध्या बैठकीत, दर वळणाला जमीन तुम्हाला दाबते आणि तुम्ही दबून न जाता हळूहळू सोडत जाता. स्नायू लांब होत असताना जोर लावायचा असा हा प्रकार आहे. म्हणून नुसत्या भिंतीला टेकून खुर्ची करून बसण्यानं पुरत नाही. आपल्याकडे याच्यावर फुकटचा इलाज आहे, उतरणं. इंदूरजवळच्या रालामंडलच्या टेकडीवर सगळे चढायला जातात, तुम्ही उतरायला जा. वर शिकारगाहपर्यंत आरामात गप्पा मारत जा आणि उतरताना छोटी पावलं, गुडघे वाकलेले, न थबकता. पहिल्या दिवशी काही वाटत नाही, तिसऱ्या दिवशी कमोडवर बसताना आई आठवते. महिन्यातनं एकदा जानापावचा डोंगर, साडेआठशे मीटरच्या आसपास उंच आहे, चंबळ तिथूनच निघते, मंदिरापर्यंत चढून खाली पायवाटेनं. पावसाळ्यात नको, निसरडं असतं आणि गर्दी पण.

जिममधे मी पोराला एवढंच करायला सांगतो. एका पायावर बैठका, आधी दाराची चौकट धरून, मग सोडून. मांडीच्या मागच्या बाजूसाठी गुडघ्यावर बसून कोणीतरी घोटे धरायचे आणि हळूहळू पुढे पडत जायचं, याला नॉर्डिक म्हणतात, गुडघ्याच्या लिगामेंटला सगळ्यात जास्त आधार याच स्नायूचा. आणि बॉक्स जंप, साधारण ४० सेंमीचा मजबूत ठोकळा, त्याच्या एका बाजूला उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर, पलीकडे खाली, परत वर, परत अलीकडे, ६० सेकंद, जमलं की ९०. स्की टीममधे ही टेस्टच असते. दर रविवारी किती झाल्या ते वहीत लिहा, आणि शेवटच्या वीस सेकंदात किती झाल्या ते वेगळं लिहा, कारण रेसमधे सगळी घाण शेवटच्या सात-आठ गेटवरच होते. पोराला हे सोळाव्या वर्षापर्यंत अंगाच्या वजनावरच करू द्या, बार-प्लेटा नंतर, शिकवणारा नीट असेल तर.

मल्लखांब. हसू नका. आपल्या मध्य प्रदेशाचा राज्यखेळ आहे २०१३ पासून, उज्जैनला तर पोरं काय करतात बघितलंय ना, इंदुरातही आखाड्यांत शिकवतात. पोट, कंबर, पकड, आणि उलटं लटकलेलं असताना आपलं अंग हवेत नक्की कुठे आहे ते कळणं, हे मला कुठल्याही महागड्या बॉलवर बसून मिळालं नाही. आठवड्यातनं दोनदा पुरे.

पण बर्फाच्या सगळ्यात जवळ जाणारी गोष्ट इनलाइन स्केटिंग आहे. चार चाकी जुने स्केट नाहीत, एका रांगेत चाकं असलेले. इंदुरात पोरं स्केटिंग शिकतातच, फरक एवढाच की त्यांना गोल गोल पळायला शिकवतात आणि आपल्याला वळायचं असतं. मंद उताराचा बंद रस्ता शोधा, नवीन कॉलनीत सकाळी साडेसहाला मिळतो. सुपर कॉरिडॉर रुंद आहे म्हणून तिकडे जाऊ नका, सकाळी डंपर असतात. प्लास्टिकचे कप आठ-आठ पावलांवर उलटे ठेवा, एकदा डावीकडे एकदा उजवीकडे सरकवून, आणि बाहेरच्या पायावर सगळं वजन देऊन वळा, आतला पाय फक्त सोबत. डाव्या वळणात उजवा पाय बाहेरचा, उजव्या वळणात डावा. स्कीइंगचं अर्धं शास्त्र या एका वाक्यात आहे आणि डोक्याला पाच मिनिटांत कळतं, पायाला दोन वर्षं लागतात. हेल्मेट, गुडघा, कोपर, मनगट सगळं बांधून. स्केटची एक खोट पण सांगतो, स्केट घसरत नाही आणि स्की घसरते, म्हणून स्केटवरून गेलेलं पोरगं बर्फावर पहिले दोन दिवस अति विश्वासानं एजवर पडतं. ते चालायचंच.

खाण्याचं थोडक्यात. सराफा (रात्रीचा खाण्याचा बाजार) बंद नाही करायचा, पण आठवड्यातनं एकदा, आणि रात्री अकराला गराडू खाऊन सकाळी सहाला बॉक्स जंप होत नाही हे पोराला स्वतःलाच कळू द्या. शाकाहारी घर असेल तर वरण, पनीर, दही, सत्तू, दाणे यांचा हिशोब प्रत्येक जेवणात ठेवा.

आता स्कीची देखभाल, ही मी सगळ्यात उशिरा शिकलो आणि खरं तर सगळ्यात सोपी आहे. स्कीच्या कडेला पोलादी एज असते, तिला धार हवी. लागतात काय तर कानस, कानस योग्य कोनात धरायला गाइड, डायमंड स्टोन, मेण, इस्त्री, प्लास्टिकची पट्टी आणि ब्रश. बाजूचा कोन बहुतेक जण ८७ अंश ठेवतात, तळाचा अर्धा ते एक अंश. तळाच्या कोनाला घरी कानस लावू नका, एकदा जास्त घासलं गेलं की परत येत नाही, फक्त बाजूची धार करा. कानस एकाच दिशेनं, टोकाकडून शेपटीकडे, मग डायमंड स्टोन ओला करून, वर आलेली बारीक खर काढेपर्यंत. धार आली का बघायला नखाची कड एजवरून हलकी ओढायची, नखाचा पांढरा चुरा निघाला म्हणजे झालं. मेणासाठी घरातली जुनी इस्त्री घेऊ नका, मी घेतली होती, ती एकदम तापते एकदम गार होते, एका सेकंदासाठी थांबलो आणि स्कीच्या तळाला पोळी जळाल्यासारखा डाग. मेणवाली इस्त्री घ्या, सतत हलती ठेवा, गार होऊ द्या, खरवडा, ब्रश मारा. फ्लोरिन असलेलं मेण जुन्या स्टॉकमधून कोणी विकत असेल तर घेऊ नका, २०२३-२४ च्या सीझनपासून एफआयएसनं (आंतरराष्ट्रीय स्की संघटनेनं) त्यावर बंदी घातली आहे. हे सगळं गॅलरीत, खिडकी उघडी ठेवून, आणि आईला आधी सांगून.

जायचं कुठे आणि कसं. शिकायला तीन ठिकाणं, गुलमर्गची आयआयएसएम (स्कीइंग आणि पर्वतारोहणाची सरकारी संस्था), मनालीची अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्था (सोलंगला उतार), आणि उत्तराखंडचं औली. बेसिक आणि इंटरमीजिएट कोर्स सरकारी संस्थेतच करा, स्वस्त पडतं आणि शिस्त लागते. गेट वगैरे त्यानंतर. इंदूरहून गुलमर्ग आता पूर्वीपेक्षा सोपं आहे, मालवा एक्स्प्रेस सरळ कटऱ्याला जाते आणि २०२५ च्या जूनपासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत आहे, चिनाबच्या पुलावरून. पण लांब स्कीची बॅग घेऊन थ्री-एसीत चढणं हा वेगळा खेळ आहे. एकदा भोपाळच्या पुढे टीसीनं विचारलं "ये बाँस कहाँ ले जा रहे हो", मी म्हटलं बर्फावर घसरायला, तो दोन मिनिटं बघत राहिला आणि तिकीट न बघताच पुढे गेला. बूट मात्र कधीच सामानात टाकायचे नाहीत, गाडी असो की विमान, बूट पाठीवर. स्की हरवली तर दुसरी मिळते, दोन महिने टीव्हीसमोर बसून पायाला बसवलेला बूट कुठे मिळणार?

तारखा पक्क्या धरू नका. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला गवत दिसत होतं, बर्फच नाही. २०२५ ला खेलो इंडिया विंटर गेम्सचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमधे ढकलला, कारण तेच. म्हणून बुकिंग बदलता येईल असं करा, आणि सुट्ट्या सगळ्या एकदम संपवू नका. रंगपंचमीची गेर (इंदूरची रंगांची मिरवणूक) मी नऊपैकी सहा वर्षं हुकवली आहे, ती हुकणारच धरून चाला.

उंचीचं विसरू नका. इंदूर साडेपाचशे मीटरवर, गुलमर्ग साधारण २६५० वर, गोंडोलाचा (रोपवेचा) पहिला टप्पा कोंगडोरीला अजून वर. पहिल्या रात्री झोप लागत नाही, डोकं जड होतं. पहिल्या दिवशी फक्त चालणं आणि हलकं स्कीइंग, पाणी भरपूर. आणि एक गोष्ट जी घरच्या डॉक्टरलाही बरेचदा माहिती नसते, उंचीसाठी देतात ती अ‍ॅसिटाझोलामाइडची गोळी, डायमॉक्स, ती वाडाच्या (जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या) बंदी यादीत आहे, डाययुरेटिकमधे. टूरिस्टला चालते, लायसन्स असलेल्या रेसरला आधी परवानगी घेतल्याशिवाय नाही. त्यापेक्षा दोन दिवस आधी पोचा.

आता बर्फावरचे दिवस. समजा चौदा आहेत. नवीन पोरं सगळी गेटवर पळतात कारण गेटमधे रेसर झाल्यासारखं वाटतं. माझं म्हणणं पहिल्या दोन सीझनला चौदापैकी दहा दिवस गेटला हात लावू नका. काय करायचं तर काठ्या न घेता उतरणं, आतली स्की हवेत उचलून फक्त बाहेरच्या स्कीवर पूर्ण वळण घेणं, आडवं उभं राहून दोन्ही एज सोडून सरळ खाली घसरणं आणि म्हटल्याबरोबर थांबणं. हे शेवटचं कंटाळवाणं आहे पण कडक बर्फावर जो नीट घसरू शकतो त्यालाच एज पकडता येते. दिवसातनं दोनदा मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ, कोणालातरी खालून काढायला सांगा, आणि त्यात एकच गोष्ट बघा, वळणाच्या सुरुवातीला नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली आहे की ढुंगण मागे गेलंय. मागे गेलं की स्की पुढे पळते आणि तुम्ही पॅसेंजर. दुपारनंतर पाय थरथरायला लागले की थांबा. माझा गुडघा दुपारी साडेतीनच्या "बस एक लास्ट रन" मधे गेला. पडताना काय करायचं ते पण आधीच डोक्यात घालून ठेवा, हात पुढे, पाय जवळ, आणि घसरणं थांबेपर्यंत उठायचा प्रयत्न नाही. मागे बसलेलं असताना उठायला जाणं, तिथेच लिगामेंट तुटतं.

उरलेले चार दिवस गेट. स्लॅलमला नडगीचे गार्ड, काठ्यांवर हाताचे गार्ड, हेल्मेटला हनुवटीची पट्टी. आधी छोट्या बुटक्या गेटवर, उंच पोलवर नंतर. दोन्ही पाय आणि दोन्ही स्कीची टोकं पोलच्या एकाच, बाहेरच्या बाजूनं जायला हवीत, एक टोक पोलच्या आतल्या बाजूनं गेलं की बाद, आणि वेग असेल तर जोरात पडता.

रेसच्या दिवसाचं. आदल्या संध्याकाळी कॅप्टन्स मीटिंग, बिब नंबर, सकाळी इन्स्पेक्शन. इन्स्पेक्शनमधे कडेनं हळू घसरत बघायचं, गेटमधून स्की करत गेलात तर बाद. इथे पाठांतर लागतं, आणि त्याची प्रॅक्टिस इंदुरात होते. मी भाच्याला काय करायला लावतो, राजवाड्यापासून सराफ्यातून आत जाऊन परत बाहेर यायचा रस्ता, डोळे मिटून, हातांनी वळणं दाखवत म्हण, कुठे बोळ अरुंद, कुठे उतार, कुठे वळण संपता संपता दुसरं चालू होतं. मग तेच बर्फावर, हेअरपिन (दोन गेट एका रेषेत लागून) कुठे, तीन-चार गेट सरळ रेषेत लागून कुठे, उतार अचानक कुठे तुटतो. स्टार्टला उभा असताना त्याला आख्खा कोर्स हातांनी म्हणता आला पाहिजे.

पॉइंटचं गणित लोकांना उलटं वाटतं, एफआयएस पॉइंट जितके कमी तितके चांगले, शून्य म्हणजे जगातला वरचा. तुमचा टाइम भागिले जिंकणाऱ्याचा टाइम, वजा एक, आणि त्याला त्या प्रकाराच्या आकड्यानं गुणायचं, जीएसला १०१०, स्लॅलमला ७३०. म्हणजे जीएसमधे जिंकणारा १२० सेकंद, तुम्ही १३२, तर १०१ पॉइंट, आणि वर त्या रेसची पेनल्टी मिळवायची, ती कोण कोण पळालं त्यावर. वर्षातले सगळ्यात चांगले दोन निकाल धरून सरासरी. सुरुवातीला तुमच्याकडे काहीच पॉइंट नसतात म्हणून तुम्ही सगळ्यात शेवटी सुटता, तोपर्यंत गेटपाशी गुडघ्याएवढे चर पडलेले असतात. त्या चरांत पहिल्या वर्षी फक्त खालीपर्यंत पोचायचं, बास. पडलात तर पॉइंटच नाहीत. लायसन्स आणि रेसची एंट्री स्वतःला भरता येत नाही, देशाच्या फेडरेशनमार्फतच होते, आणि एफआयएसच्या मोठ्यांच्या रेसला सोळावं वर्ष लागतं, तोपर्यंत मुलांच्या गटातल्या रेस. त्या सीझनचं सर्क्युलर स्वतः डाउनलोड करून वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी "सिलेक्शन करून देतो" म्हणाला तर त्याला फोन सुद्धा करू नका, माझे एकदा असेच पैसे गेलेत.

पैशाचं ताईला मी स्पष्ट सांगितलं. कोर्स आणि प्रवास परवडतो, क्रिकेट कोचिंगपेक्षा फार जास्त नाही. पण रेसचं सामान आलं की हिशोब बदलतो, नवीन जीएस स्कीची जोडी हजार युरोच्या आसपास किंवा वर, बूट वेगळे, आणि पोरगं वाढतं. म्हणून वापरलेलंच घ्या, फक्त एज किती उरली आहे आणि तळ जळलेला नाही ना ते बघून. इन्शुरन्स घेताना "स्पर्धा" हा शब्द शोधा, बऱ्याच पॉलिसीत स्कीइंग चालतं पण रेस चालत नाही. आणि दहावीची बोर्डाची परीक्षा बरोब्बर फेब्रुवारी-मार्चमधेच येते, त्या वर्षी बर्फावर डिसेंबर-जानेवारीत जेवढे दिवस मिळतील तेवढेच, यावर घरात भांडण करायचं नाही. खेलो इंडियात २०२४ आणि २०२५ दोन्ही वर्षी आर्मी पहिली आली, ती पोरं हिवाळाभर बर्फावर असतात. इंदूरच्या पोरानं पहिल्या तीन वर्षांत त्यांच्याशी तुलना करायची नाही, आपल्याच मागच्या वर्षीच्या टाइमशी करायची.

परत आल्यावरचं काम. एप्रिलमधे स्की पुसून, एजला धार करून, तळावर आणि एजवर जाड मेण ओतून तसंच ठेवा, खरवडायचं नाही, नाहीतर पावसाळ्यात गंज. पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नका, आपल्या मे महिन्यात तिथे मेण वितळून गादीवर गळतं, आमच्याकडे गळलंय. बुटांचे लायनर काढून सुकवून परत घाला आणि बकल हलके लावून ठेवा, उघडे ठेवले तर शेल पसरतो. भाच्याची स्की सध्या ताईकडे पलंगाखाली आहे, गणपतीच्या मखराच्या शेजारी. मखर काढायला पलंग सरकवतील त्याच दिवशी स्की पण बाहेर काढायची, नखानं एज बघायची, आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळी सहाला रालामंडल.